शांततेच्या काळात गेलेली माणसं

आज १४ ऑगस्ट. उद्याच्या झेंडावंदनाची तयारी सगळीकडे सुरू आहे, सोसायटीच्या ग्रुपवर तिरंग्याचे फोटो फिरतायत. २०२१ पासून केंद्र सरकारनं हा दिवस 'फाळणी वेदना स्मृतिदिन' म्हणून जाहीर केलाय, त्यामुळे वर्तमानपत्रांत आज फाळणीवर लेख असतात. ते असायलाच हवेत. पण याच तारखेला मुंबईत आणखी एक गोष्ट घडली होती, आणि ती दोन मोठ्या दिवसांच्या सांदीत अशी काही अडकली की आपल्या शहरालाही ती आता धड आठवत नाही. म्हणून ही पोस्ट. थोडी लांब आहे, पण वेळ काढून वाचा.

१४ ऑगस्ट २०१३. मध्यरात्र उलटून गेली होती. मुंबईच्या नौदल गोदीत 'आयएनएस सिंधुरक्षक' ही पाणबुडी धक्क्याला लागलेली होती. टॉर्पेडो आणि क्षेपणास्त्रं भरून झाली होती, पहाटे समुद्रात निघायचं होतं. अचानक पुढच्या भागात लागोपाठ स्फोट झाले. आगीचा लोळ दक्षिण मुंबईतल्या लोकांनी घराच्या खिडक्यांतून पाहिला. शेजारी उभी असलेली दुसरी पाणबुडी कशीबशी बाजूला काढली म्हणून वाचली. सिंधुरक्षक मात्र जागच्या जागी, धक्क्यालाच बुडाली. पाण्याबाहेर राहिला तो फक्त तिच्या मनोऱ्याचा तुकडा.

आत १८ जण होते. तीन अधिकारी आणि पंधरा नौसैनिक. एकही परत आला नाही.

नौदलाचे पाणबुडे लगेच पाण्यात उतरले होते. पण उष्णतेनं आतल्या झडपा आणि दरवाजे वेडेवाकडे होऊन अडकले होते. गाळ आणि तेल मिसळलेल्या त्या पाण्यात स्वतःचा हातसुद्धा दिसत नव्हता. पहिले मृतदेह हाती यायला १६ तारीख उजाडली. ओळख पटवण्यासाठी डीएनए चाचणी करावी लागली. केरळपासून आसामपर्यंतची घरं मुंबईतल्या एका प्रयोगशाळेच्या अहवालाकडे डोळे लावून बसली होती.

मधल्या दिवशी, १५ ऑगस्टला, पंतप्रधान मनमोहन सिंग यांनी लाल किल्ल्यावरून या नौसैनिकांचा उल्लेख केला, दुःख व्यक्त केलं. त्याच भाषणात 'अरिहंत' आणि 'विक्रांत'चाही उल्लेख होता, कारण तो आठवडाच तसा होता. १० ऑगस्टला अरिहंत या अणुपाणबुडीची अणुभट्टी सुरू झाली होती, १२ ऑगस्टला कोचीत विमानवाहू विक्रांतचं जलावतरण झालं होतं. चार दिवसांत नौदलानं दोन मोठे सण पाहिले आणि एक घरचं मरण. आपल्या लक्षात सण राहिले.

आता मुद्द्यावर येतो. माझं म्हणणं असं आहे की सैनिकाची आठवण ठेवायची आपली जी रीत आहे ना, ती युद्धासाठी घडलेली आहे. समोर शत्रू हवा, गोळी हवी, सीमा हवी. मग आपल्याला कळतं काय करायचं ते. चौकाला नाव देतो, शाळेत फोटो लावतो, पुतळा उभारतो. पण पाणबुडीतला माणूस बहुतेक वेळा युद्धात मरतच नाही. तो शांततेच्या काळात मरतो. बॅटरीतून सुटलेल्या वायूनं, जळालेल्या केबलच्या धुरानं, पाइपाच्या एका सुटलेल्या सांध्यानं. त्याला कुठल्या रांगेत उभं करायचं हे आपल्याला कळत नाही, म्हणून आपण त्याला विसरतो.

हे नीट समजायचं तर पाणबुडी आतून काय असते ते थोडं बघू.

सिंधुरक्षक ही रशियन बनावटीची डिझेल-इलेक्ट्रिक पाणबुडी. सेंट पीटर्सबर्गच्या कारखान्यात बांधलेली, डिसेंबर १९९७ मध्ये आपल्या नौदलात आलेली. लांबी साधारण ७३ मीटर, म्हणजे लोकलच्या साडेतीन डब्यांएवढी. त्या नळीत सहा कप्पे आणि पन्नासेक माणसं. पाण्याखाली डिझेल इंजिन चालत नाही, त्याला हवा लागते. म्हणून खाली असताना सगळा कारभार बॅटरीवर. ही बॅटरी म्हणजे गाडीतल्या बॅटरीचीच थोरली भावंडं, एकेक सेल माणसाच्या उंचीचा, आणि असे शेकडो सेल माणसं राहतात त्याच कप्प्यांच्या फरशीखाली ठेवलेले. चार्ज होताना त्यातून हायड्रोजन सुटतो. तो साठला आणि ठिणगी पडली की संपलं. पुढच्या कप्प्यात टॉर्पेडो रचलेले असतात आणि त्याच कप्प्यात माणसं झोपतात. एक उठला की त्याच्या बिछान्यावर दुसरा. अंघोळीला पाणी नाही. दिवस आहे की रात्र हे घड्याळाकडे बघून समजायचं.

आणि एक नियम सगळ्यांना पाठ. एका कप्प्यात पाणी किंवा आग शिरली तर मधला दरवाजा बंद करायचा. पलीकडे आपला माणूस असला तरी. तो दरवाजा उघडा राहिला तर सगळेच जातात. हे मान्य करूनच माणूस पाणबुडी दलात येतो. पाणबुडी दलातला प्रत्येक जण स्वतःहून या कामाला आलेला असतो, हे विसरू नका.

याच सिंधुरक्षकवर आधीही एक बळी गेला होता. फेब्रुवारी २०१० मध्ये विशाखापट्टणमच्या बंदरात असताना बॅटरीच्या कप्प्यात स्फोट होऊन आग लागली आणि एक नौसैनिक गेला. त्यानंतर पाणबुडीला एका मोठ्या मालवाहू जहाजावर चढवून रशियात सेवेरोद्विन्स्कला नेलं. तिथे दोन-अडीच वर्षं दुरुस्ती आणि आधुनिकीकरण झालं, त्यावर सुमारे ८ कोटी डॉलर खर्च झाले. नवीन क्षेपणास्त्र यंत्रणा बसवली. २०१३ च्या उन्हाळ्यात ती मुंबईत परतली आणि त्याच पावसाळ्यात गेली.

पुढे काय झालं? बुडालेली पाणबुडी वर काढायला एका परदेशी कंपनीला कंत्राट दिलं. जून २०१४ मध्ये ती पाण्याबाहेर आली. आणि २०१७ मध्ये नौदलानं तिला अरबी समुद्रात खूप खोल पाण्यात कायमची बुडवली. गोष्ट संपली.

पण संपली का?

सिंधुरक्षकला सहा महिने होतात न होतात तोच, २६ फेब्रुवारी २०१४ ला, मुंबईजवळच्या समुद्रात 'आयएनएस सिंधुरत्न'च्या चाचण्या सुरू होत्या. ही सिंधुरक्षकचीच बहीण. तिसऱ्या कप्प्यात धूर भरला. लेफ्टनंट कमांडर कपिश मुवाल आणि लेफ्टनंट मनोरंजन कुमार हे दोन अधिकारी त्या कप्प्यात आगीशी झुंजत, बाकीच्यांना बाहेर काढत राहिले. सात जणांना हेलिकॉप्टरनं मुंबईला आणावं लागलं. हे दोघे बंद केलेल्या कप्प्यात मरण पावले. पाणबुडीवर त्या दिवशी ९० हून जास्त लोक होते. ते सगळे घरी गेले. दोघांनाही मरणोत्तर शौर्यचक्र मिळालं.

त्याच दिवशी नौदलप्रमुख ॲडमिरल डी. के. जोशी यांनी नैतिक जबाबदारी घेऊन राजीनामा दिला आणि सरकारनं तो लगेच स्वीकारला. आपल्या देशात अपघाताची जबाबदारी घेऊन सेनादलाचा प्रमुख पायउतार झाल्याची ही एवढीच घटना. जोशींबद्दल मला आदर आहे. पण एक गोष्ट तेव्हाही खटकली होती, आजही खटकते. ज्यांच्या हातात जुन्या पाणबुड्यांच्या जागी नवीन आणायचा निर्णय होता, बॅटऱ्यांच्या, सुट्या भागांच्या फायली ज्यांच्या टेबलावर पडून होत्या, त्यातल्या कोणालाच राजीनामा द्यावासा वाटला नाही. गणवेशातला माणूस गेला, फाइल तिथेच राहिली.

आता कॅगचा अहवाल बघू. जुलै २०१७ मध्ये नौदलावरचा अहवाल संसदेत मांडला गेला. तो सार्वजनिक आहे, कोणीही वाचू शकतं. त्यात सिंधुरक्षकबद्दल तीन गोष्टी आहेत. एक, तिच्यावर भरलेल्या दारूगोळ्यातल्या काहीची मुदत संपत आली होती. दोन, दारूगोळा वाढवून भरायचा प्रस्ताव मंजूर करताना चालक दल किती थकलेलं आहे याचा संबंधित अधिकाऱ्यांनी नीट अंदाज घेतला नाही. तीन, ठरलेल्या कार्यपद्धतीचं उल्लंघन झालं. त्याच अहवालात असंही म्हटलंय की २००७-०८ ते २०१५-१६ या काळात नौदलाच्या जहाजांना आणि पाणबुड्यांना ३८ अपघात झाले, त्यात ३३ जण गेले, आणि केवळ सुरक्षिततेसाठी अशी वेगळी संघटना नौदलानं २०१४ मध्ये उभारली खरी, पण तिला सरकारी मंजुरी मिळायची बाकी होती.

यातला दुसरा आणि तिसरा मुद्दा शेजारी शेजारी ठेवून वाचा. 'कार्यपद्धतीचं उल्लंघन झालं' म्हटलं की ऐकणाऱ्याला काय वाटतं? आत जे होते त्यांचं काहीतरी चुकलं असणार. बोलायला ते नाहीत. पण रात्री दारूगोळा भरणारी माणसं थकलेली होती का, त्यांना विश्रांती मिळाली होती का, ते काम त्याच रात्री करायचं हे कोणी ठरवलं, हे प्रश्न त्या १८ जणांना विचारायचे नाहीत. ते धक्क्यावरच्या आणि कचेऱ्यांतल्या लोकांना विचारायचे आहेत. चौकशी मंडळाचा पूर्ण अहवाल लोकांसमोर आलेला नाही. जोपर्यंत तो येत नाही तोपर्यंत 'मानवी चूक' हा शब्द त्या १८ घरांच्या दारात उभा राहणार. मला वाटतं, यापेक्षा वाईट स्मारक असू शकत नाही.

जगात इतरांनी काय केलं ते बघा. सगळ्यांनी चांगलंच केलं असं नाही.

१० एप्रिल १९६३. अमेरिकेची 'थ्रेशर' ही अणुपाणबुडी चाचणीदरम्यान अटलांटिकमध्ये बुडाली. १२९ जण गेले, त्यात नौदलाबरोबर कारखान्यातले नागरी कर्मचारीही होते. युद्ध नव्हतं, शत्रू नव्हता. चौकशीत अंदाज निघाला तो असा की समुद्राच्या पाण्याच्या पाइपाचा एक सांधा निसटला असावा आणि वर यायची यंत्रणाही ऐनवेळी चालली नसावी. दोन महिन्यांच्या आत त्यांनी 'सबसेफ' नावाचा कार्यक्रम सुरू केला. पाणबुडीच्या ज्या ज्या भागाला समुद्राचं पाणी लागतं, त्या प्रत्येक पाइपाचा, वेल्डिंगचा, झडपेचा कागद असला पाहिजे. कोणी बनवला, कोणी तपासला, कधी तपासला. कागद नसेल तर पाणबुडी पाण्यात जाणार नाही. १९१५ ते १९६३ या काळात अमेरिकेनं युद्धाशिवायच्या कारणांनी १६ पाणबुड्या गमावल्या होत्या. १९६३ नंतर एकच गेली, १९६८ ची 'स्कॉर्पियन', ९९ जणांसह, आणि तिला सबसेफचं प्रमाणपत्र मिळालेलं नव्हतं. थ्रेशरचं खरं स्मारक दगडाचं नाही, ते हे कागद आहेत. तरी त्या चौकशीची कागदपत्रं पुरती उघडी व्हायला एका निवृत्त पाणबुडी अधिकाऱ्याला कोर्टात जावं लागलं आणि २०२० मध्ये ती बाहेर यायला लागली. म्हणजे सरकारं सगळीकडे सारखीच. फरक एवढाच की तिथे कोणीतरी ५७ वर्षांनंतरही विचारत होतं.

१२ ऑगस्ट २००० ला रशियाची 'कुर्स्क' बुडाली. तारीख बघा, आपल्या तारखेच्या दोन दिवस आधी. ११८ जण. टॉर्पेडोतल्या इंधनाचा स्फोट झाला आणि मग बाकीचे टॉर्पेडो फुटले. सगळे लगेच गेले नाहीत. २३ जण शेवटच्या कप्प्यात जमले होते. कॅप्टन-लेफ्टनंट दिमित्री कोलेस्निकोव यानं अंधारात एका कागदावर तिथल्या माणसांची नोंद केली, बायकोसाठी निरोप लिहिला. तो कागद त्याच्या खिशात सापडला. आणि वर काय चाललं होतं? सरकार परदेशी मदत घ्यायला दिवसच्या दिवस कां-कूं करत होतं, राष्ट्राध्यक्ष सुट्टीवर होते. नंतर अमेरिकन टीव्हीवर पुतिनना विचारलं, पाणबुडीचं काय झालं? त्यांनी किंचित हसून सांगितलं, ती बुडाली. त्या उत्तराला रशियातले लोक आजही विसरलेले नाहीत. पण मुर्मान्स्क शहरात कुर्स्कच्या मनोऱ्याचा भाग उभा केलेला आहे. लोक तिथे फुलं वाहतात.

इस्राएलची 'डाकार' जानेवारी १९६८ मध्ये ६९ जणांसह भूमध्य समुद्रात नाहीशी झाली. ते शोधत राहिले. ३१ वर्षं. १९९९ मध्ये सुमारे तीन हजार मीटर खोलीवर ती सापडली. तिच्या मनोऱ्याचा भाग वर काढून त्यांनी हैफाच्या नौदल संग्रहालयात ठेवला.

अर्जेंटिनाची 'सान हुआन' नोव्हेंबर २०१७ मध्ये ४४ जणांसह गेली. सरकार थकलं तेव्हा घरचे लोक राजधानीत ठाण मांडून बसले, शोध थांबवू नका म्हणून. वर्षभरानं ती सापडली. तिथल्या संसदेनं दोन्ही सभागृहांची समिती नेमून चौकशी केली. एका पाणबुडीसाठी संसदेची समिती! अर्जेंटिना काही आपल्यापेक्षा श्रीमंत किंवा शिस्तीचा देश म्हणून प्रसिद्ध नाही. घरच्या लोकांनी पाठ सोडली नाही, एवढंच.

आणि एप्रिल २०२१ मध्ये इंडोनेशियाची 'नांगाला' बालीजवळ बुडाली, ५३ जण. तेव्हा भारतानं आपलं खोल समुद्रातलं बचावयान तातडीनं रवाना केलं होतं. हे मला अभिमानानं सांगावंसं वाटतं. असं यान आपल्याकडे २०१८ मध्ये मुंबईत दाखल झालं, दुसरं नंतर विशाखापट्टणमला. ६५० मीटरपर्यंत जाऊन अडकलेल्या पाणबुडीतून माणसं काढता येतात. त्याआधी पन्नास वर्षं आपण पाणबुड्या चालवत होतो, पण अशा प्रसंगी परदेशी मदतीवर भिस्त होती. जुलै २०२५ मध्ये 'आयएनएस निस्तार' हे बचावाला मदत करणारं जहाजही आलं. उशिरा का होईना, आलं. सिंधुरक्षकला याचा उपयोग झाला नसता, ती तर धक्क्यालाच बुडाली. पण पुढच्या कोणाला तरी होईल.

आता काही जण म्हणतील, ते लढताना कुठे गेले? त्यांची आणि कारगिलच्या जवानांची बरोबरी कशाला?

बरोबरी करायची नाहीच आहे. सरकारच्या हिशेबात तशीही ती होत नाही. लष्करी निवृत्तिवेतनाच्या नियमांत मृत्यूचे वर्ग आहेत. ढोबळमानानं सांगायचं तर सेवा बजावताना अपघातानं मृत्यू आला तर घरच्यांना शेवटच्या पगाराच्या ६० टक्के, युद्धात किंवा तशा कारवाईत आला तर पूर्ण पगाराएवढं. हिशेबाला वर्ग लागतात, ते मी समजू शकतो. पण आठवणीला वर्ग कशाला हवेत?

आणि 'लढत नव्हते' हेही तितकंसं खरं नाही. पाणबुडीचं काम शांततेच्या काळातच जास्त असतं. ती कुठे आहे हे समोरच्याला माहीत नसणं, हेच तिचं शस्त्र. त्या रात्री सिंधुरक्षकवर टॉर्पेडो भरले जात होते ते संचलनासाठी नव्हे. हुकूम येईल तेव्हा निघता यावं म्हणून ती सज्ज होत होती. आपण रात्री निवांत झोपतो, त्यामागे अशी सज्ज असणारी माणसं असतात. त्या सज्जतेची किंमत त्यांनी भरली.

१९७१ चं उदाहरण घ्या. ९ डिसेंबरला पाकिस्तानच्या 'हंगोर' पाणबुडीनं आपली 'खुकरी' बुडवली. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला जहाजाबरोबर गेले, त्यांना महावीरचक्र मिळालं. दीवला समुद्राकाठी खुकरीचं स्मारक आहे, गुजरात-दीवच्या सहलीला जाणारी मराठी कुटुंबं तिथे हमखास थांबतात, मुलांना गोष्ट सांगतात. छान आहे हे. त्याच युद्धात पाकिस्तानची 'गाझी' विशाखापट्टणमच्या तोंडाशी बुडाली, ९३ जणांसह. ती अजून तिथेच तळाशी आहे. आपल्या नौदलानं तिला तिथेच राहू दिलंय, कारण बुडालेली पाणबुडी ही आतल्यांची कबर असते, मग ती कोणाचीही असो. शत्रूच्या पाणबुडीतल्या माणसांचा मान आपण राखतो. मग आपल्याच १८ जणांची तारीख आपल्या शहराला माहीत असू नये?

मुंबईला तर हे जास्त लागू आहे. भारतात बांधलेली पहिली पाणबुडी, 'शाल्की', माझगाव गोदीतून १९९२ मध्ये नौदलात गेली. कलवरी, खांदेरी, करंज, वेला, वागीर, वागशीर या सहाही नव्या पाणबुड्या माझगावच्या. खांदेरी हे नाव तर थळच्या समोरच्या, शिवाजी महाराजांनी इंग्रजांच्या नाकावर टिच्चून बांधलेल्या जलदुर्गाचं. या पाणबुड्यांचं वेल्डिंग करणारे, केबल ओढणारे, पाइप जोडणारे हात परळ-लालबागपासून पनवेल-बदलापूरपर्यंतच्या घरांतले आहेत. जलावतरणाच्या दिवशी आपण 'मेड इन मुंबई' म्हणून छाती फुगवतो. मग धक्क्यावर बुडालेल्या पाणबुडीशीही या शहराचं काही नातं लागतं की नाही? त्या रात्री गेलेल्यांची गावं दूरची असतील, पण ते आपल्या शहरात गेले, आपल्या घरांपासून हाकेच्या अंतरावर.

माझ्या मागण्या मोठ्या नाहीत.

पहिली. मुंबईच्या किनाऱ्यावर, ओळखपत्र न दाखवता कोणालाही जाता येईल अशा जागी ती १८ नावं कोरलेली असावीत. त्यांच्या खाली २०१० चं एक आणि २०१४ ची दोन. एकवीस नावं मावायला किती दगड लागतो? महापालिकेनं मनावर घेतलं तर एका बैठकीचं काम आहे. आणि त्यात नौसैनिकांची नावं अधिकाऱ्यांच्या बरोबरीनं, एकाच आकाराच्या अक्षरांत असावीत. स्फोटानं हुद्दा बघितला नव्हता.

दुसरी, आणि ही जास्त महत्त्वाची. चौकशीचा अहवाल उघडा करा. गुप्ततेचं कारण मला मान्य आहे. क्षेपणास्त्राचा पल्ला, पाणबुडीची खोली, जे झाकायचं ते काळ्या शाईनं झाका. पण थकलेल्या माणसांकडून रात्री दारूगोळा भरून घ्यायचा निर्णय कसा झाला, यात शत्रूच्या कामाचं काय आहे? ते आपल्याच कामाचं आहे. पुढच्या पाणबुडीवर चढणाऱ्या वीस-बावीस वर्षांच्या पोरांच्या कामाचं आहे. नौदलानं यातून धडे घेतले असतील, माझा त्यांच्यावर विश्वास आहे. पण धडा घेतला की नाही हे घरच्यांनाही कळू दे.

तिसरी तुमच्या-माझ्यासाठी. दरवर्षी ८ डिसेंबरला नौदलात पाणबुडी दिवस असतो, कारण १९६७ मध्ये याच दिवशी आपली पहिली 'कलवरी' दाखल झाली. त्याच्या चारच दिवस आधी नौदल दिन, त्या दिवशी सगळे गेटवेला जमतात. जमा, जरूर जमा. फक्त मुलांना जहाजं दाखवताना एवढं सांगा, की यातली काही जहाजं पाण्याखाली असतात, ती दिसत नाहीत, त्यांतली माणसंही दिसत नाहीत, आणि त्यांच्यातली काही जण इथे, या समोरच्या गोदीतच गेली.

त्या १८ जणांची यादी नौदलानं तेव्हाच जाहीर केली होती. शोधली तर दोन मिनिटांत सापडते. उद्या स्टेटस बदलण्याआधी आज ती एकदा वाचा. मोठ्यानं वाचा. अठरा नावांना मिनिटभर पुरतं.